आधी ब्रेक, की दोन्ही एकदम?

मॅन्युअल गिअरच्या गाडीत थांबण्याशी दोन पेडलचा संबंध येतो. उजव्या पायाखालचा ब्रेक चाकांचा वेग कमी करतो. डाव्या पायाखालचा क्लच वेग अजिबात कमी करत नाही. तो इंजिन आणि चाके यांच्यातला दुवा सोडवतो. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती असते. तिला लागून क्लच प्लेट असते आणि त्या प्लेटला मागून प्रेशर प्लेट दाबून धरते. पेडल मोकळे असते तेव्हा स्प्रिंगच्या जोराने या तिन्ही एकत्र फिरतात आणि इंजिन चाकांशी बांधलेले राहते. पेडल पूर्ण दाबले की रिलीज बेअरिंग स्प्रिंगवर रेटते, प्लेट सुटते, आणि इंजिन व चाके आपापल्या वेगाने फिरायला मोकळी होतात.

थांबताना ही दोन्ही पेडल एकदम दाबावीत, की आधी ब्रेक आणि अगदी शेवटी क्लच, यावर शिकवणारे आणि चालवणारे यांच्यात जुना मतभेद आहे. तो इथे दोघांच्या तोंडून मांडला आहे. एक शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलचा तरुण प्रशिक्षक आहे, दुसरा बोरघाटात आणि कसारा घाटात एसटी चालवून निवृत्त झालेला चालक.

प्रशिक्षक: काका, पहिल्या दिवशी गाडीत बसणाऱ्याला आम्ही एकच गोष्ट सांगतो. घाबरलात तर दोन्ही पाय दाबा. गाडी हिसका देत नाही, बंद पडत नाही आणि जागेवर उभी राहते.

चालक: पहिल्या दिवशी ते बरोबरच आहे, मास्तर. पण पंधराव्या दिवशीही तेच सांगता का?

प्रशिक्षक: पंधराव्या दिवशी आरटीओची तारीख असते. तिथे गाडी बंद पडली तर माणूस हबकतो. त्याला नवीन काही सांगून गोंधळात कशाला टाकायचं?

प्रशिक्षकाच्या म्हणण्यात तथ्य आहे. शिकाऊ माणूस सुरुवातीचे दिवस पहिल्या-दुसऱ्या गिअरात, ताशी १०-१५ किलोमीटरने गाडी चालवतो. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन साधारण मिनिटाला ८०० फेऱ्यांवर फिरते. त्याखाली ते फार काळ तग धरत नाही. लहान पेट्रोल गाडीत एवढ्या फेऱ्यांवर पहिल्या गिअरात ताशी ६-७ किलोमीटर, दुसऱ्यात ११-१२, तिसऱ्यात १७-१८, चौथ्यात बावीसच्या आसपास आणि पाचव्यात २८-३० असा वेग मिळतो. गाडीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण क्रम हाच राहतो. क्लच न दाबता नुसता ब्रेक दाबत गेले आणि वेग त्या गिअरच्या आकड्याखाली गेला, की इंजिन धडधडते, गाडी हिसके देते आणि शेवटी बंद पडते. पहिल्या-दुसऱ्या गिअरात हा आकडा हाताच्या अंतरावर असतो. त्यामुळे तिथे ब्रेक आणि क्लच जवळजवळ एकदम दाबावेच लागतात. रांगेत मुंगीच्या पावलाने सरकताना, पार्किंगमध्ये मागे घेताना किंवा सोसायटीच्या फाटकातून आत वळताना अनुभवी चालकही तेच करतो.

प्रशिक्षणाच्या गाडीची रचनाही याला जोडूनच आहे. मोटार वाहन नियमांप्रमाणे शिकवण्याच्या गाडीत प्रशिक्षकाला गाडी आवरता येईल अशी दुहेरी नियंत्रणे लागतात. त्याच्या पायाखाली ब्रेक असतो आणि बहुतेक गाड्यांत क्लचही असतो. शिकणारा चुकला की प्रशिक्षक दोन्ही दाबतो. शिकणारा हे रोज पाहतो आणि थांबणे म्हणजे दोन पेडल दाबणे, अशी त्याच्या पायांची समजूत होते.

चालक: आणि तीच समजूत घेऊन तो माणूस घाटात येतो. उतार लागला की एक पाय ब्रेकवर, दुसरा क्लचवर. गाडी मोकळी सोडली आहे हे त्याला कळतच नाही.

प्रशिक्षक: मोकळी कशी, काका? ब्रेक दाबलेला असतो ना.

चालक: ब्रेक तर दाबलेला असतोच. पण गिअरने गाडी धरून ठेवली असती ते ओझं त्याने ब्रेकवरच टाकलं.

गाडी गिअरात असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उलटा व्यवहार सुरू होतो. आता इंजिन चाकांना फिरवत नाही. चाके इंजिनाला फिरवतात. पेट्रोल इंजिनात हवा आत घेण्याची वाट जवळजवळ बंद झालेली असते. त्यामुळे प्रत्येक आवर्तनात पिस्टनला ओढ सोसावी लागते आणि तो विरोध चाकांपर्यंत पोचतो. डिझेलमध्ये हवेची वाट अशी बंद होत नसल्याने हा विरोध कमी पडतो, म्हणून ट्रक-बसमध्ये एक्झॉस्ट ब्रेक वेगळा बसवतात. गिअर जितका खालचा, तितका इंजिनाचा हा रोध जास्त. चालक याला ‘गाडी गिअरवर उतरवणे’ म्हणतात. क्लच दाबला की हा रोध तत्काळ शून्य होतो. चाकांच्या दृष्टीने दाबून धरलेला क्लच आणि न्यूट्रल यांत काहीच फरक नाही. ‘न्यूट्रलला कधी टाकत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे कितीतरी जण उतारावर क्लच दाबून तेच करत असतात, आणि बहुधा हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

रोध गमावल्याची किंमत किती, हे हिशेबाने पाहता येते. माणसांसकट १२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून एकदा थांबवली, तर ब्रेकना सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरली तर ती सुमारे ५०० मीटर खाली येते. त्या उंचीची ऊर्जा ५९ लाख ज्यूलच्या आसपास भरते. म्हणजे एक घाट उतरणे हे साठच्या वेगावरून ३५ वेळा थांबण्याइतके काम आहे. यातला काही वाटा हवेचा विरोध आणि टायरांचे घर्षण उचलते. उरलेला एकतर इंजिन उचलते किंवा ब्रेक. क्लच दाबून उतरणारा माणूस तो सगळा ब्रेकवर ढकलतो.

ब्रेक तापले की दोन गोष्टी घडतात. पॅड आणि लायनर यांची पकड सैल होते. पाय तेवढाच जोर देतो, पण गाडी पूर्वीसारखी आवरत नाही. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. नवे डॉट ३ दर्जाचे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. ओल मुरल्यावर हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल स्पंजासारखे आत जाते आणि ब्रेक लागत नाही. ज्याला लोक ‘अचानक ब्रेक फेल’ म्हणतात, ते पुष्कळदा मागच्या चार-पाच किलोमीटरवर सुरू झालेले असते.

चालक: एसटीला हवेचे ब्रेक, मास्तर. उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक मारला की टाकीतली हवा खर्च होते. इंजिन आयडलला असेल तर कॉम्प्रेसर हवाही सावकाश भरतो. गाडी गिअरात असली की इंजिन फिरतं आणि हवा भरत राहते. म्हणून आमच्याकडे घाटाच्या तोंडाशीच गिअर ठरायचा. मध्ये बदलायचा नाही.

प्रशिक्षक: पण ट्रकवाले न्यूट्रलमध्ये उतरतात ते डिझेल वाचतं म्हणूनच ना? हजारो किलोमीटर चालवणारी माणसं ती. त्यांना काही कळत नसेल का?

इथे प्रशिक्षकाच्या प्रश्नात एक जुना, चिवट समज आहे. तो मुळातच खोटा नव्हता. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांत, पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात, गाडी गिअरात उतरली तर कार्ब्युरेटरमधून थोडे पेट्रोल ओढले जायचे. न्यूट्रलमध्ये काही बचत खरोखर दिसत असे. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाडीत चित्र उलटे आहे. गाडी गिअरात असताना पाय काढला आणि इंजिन पुरेशा फेऱ्यांवर असले, तर संगणक इंजेक्टर बंदच करतो. त्या वेळी इंधन जवळजवळ शून्य लागते, कारण इंजिनाला चाके फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरताना मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. लहान गाडीत ते तासाला साधारण अर्धा ते एक लिटर. डिझेल ट्रकच्या जुन्या यांत्रिक पंपातही गव्हर्नर उतारावर इंधन तोडत असे, त्यामुळे ट्रकबाबत हा हिशेब आधीपासूनच डळमळीत होता.

आणि बचतीच्या या समजाची किंमत रस्त्यावरची इतर माणसे मोजतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा लांब उतार याचे जवळचे उदाहरण आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका टँकरने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे तपासातून तेव्हा सांगण्यात आले. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मिळणारी मदत गेली आणि पॉवर स्टिअरिंगही गेले. एकाच चावीच्या फिरवण्यात दोन्ही.

चालकाचा पक्ष इथपर्यंत भक्कम आहे. परंतु तो अचानक थांबण्याच्या प्रसंगालाही तसाच लावला, तर लंगडा पडतो.

प्रशिक्षक: समजा ताशी ६० वर जाताना समोर पोर धावलं. तेव्हाही आधी ब्रेक, मग गिअर बघून क्लच, असं सांगायचं?

चालक: तेव्हा विचार करायला वेळ नसतो. पण ब्रेक आधीच. क्लच आधी दाबला तर गाडी पुढे सरकल्यासारखी वाटते.

प्रशिक्षक: आणि दोन्ही एकदम, पूर्ण जोराने?

या प्रश्नावर दोन देशांनी दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. ब्रिटनमध्ये तातडीच्या थांब्यात आधी जोराने ब्रेक आणि थांबण्याच्या अगदी आधी क्लच, असे शिकवतात. तिथल्या हायवे कोडचा १२२ वा नियम क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी वाहू देण्याविरुद्ध सावध करतो. इंजिनाचा रोध जातो, उतारावर वेग पटकन वाढतो, ब्रेकचा अतिवापर त्यांची ताकद कमी करतो, वळणावर स्टिअरिंगचा प्रतिसाद बिघडतो आणि गरज पडेल तेव्हा योग्य गिअर टाकणे अवघड होते, अशी कारणे तो देतो. जर्मनीत मात्र ‘धोक्याचा ब्रेक’ हा परवान्याच्या परीक्षेचा भाग आहे. ताशी साधारण ३० किलोमीटरवर परीक्षार्थीने क्लच आणि ब्रेक एकाच क्षणी, पूर्ण जोराने दाबायचे असतात.

दोन्ही पद्धती बरोबर असण्याचे कारण टायरच्या पकडीत आहे. कोरड्या रस्त्यावर चांगल्या गाडीला पूर्ण ब्रेक मारला तर वेग दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रतिसेकंदाने उतरतो. वरच्या गिअरात इंजिनाचा रोध याच्या एक दशांशही नसतो. टायर रस्त्याला जितका धरू शकतो तितके काम ब्रेकच करत असतो, त्यामुळे इंजिन जोडलेले आहे की सुटलेले, याने थांबण्याचे अंतर फारसे बदलत नाही. साठच्या वेगावर चालक दचकून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंत एका सेकंदात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. नंतर थांबायला आणखी २० मीटर लागतात. जीव या ३७ मीटरांत असतो, आणि त्यातला वाचवता येण्यासारखा हिस्सा पहिल्या क्षणाच्या जोरात आहे. ब्रेकवर पाय हलका पडला तर क्लच कधी दाबला याला काही अर्थ राहत नाही.

जर्मन पद्धतीचा एक फायदा मान्य करायला हवा. क्लच दाबल्याने इंजिन बंद पडत नाही. इंजिन चालू राहिले की पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरला निर्वात मिळत राहतो आणि स्टिअरिंग हलके राहते. थांबता थांबता बाजूला वळायचे झाले तर वळता येते. इंजिन बंद पडल्यास बूस्टरमध्ये साठलेला निर्वात एक-दोन दाबांपुरताच पुरतो. एबीएस असलेल्या गाडीत याचा उपयोग जास्त, कारण तिथे पूर्ण ब्रेक दाबून धरलेला असतानाही चाक फिरत राहते आणि स्टिअरिंग हाती राहते. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. नव्या मॉडेलना ते एक वर्ष आधीच लागू झाले होते. एबीएसच्या गाडीत पेडल थरथरले की घाबरून पाय उचलू नये, एवढे मात्र शिकणाऱ्याच्या मनावर ठसवावे लागते.

पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर क्लचला आणखी एक काम असते. कोकणातल्या घाटांत, आंबोलीत किंवा ताम्हिणीत, लाल चिखलावर खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला तर इंजिनाचा रोध एकदम चाकांवर येतो आणि इंजिनाला जोडलेली चाके सरकू शकतात. अशा वेळी क्लच दाबून चाकांना मोकळे करणे योग्यच. म्हणजे गिअरवर उतरण्याचा नियमही पाय हळू सोडण्याच्या अटीवरच चालतो.

चालक: जुना नियम असा, की ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा.

प्रशिक्षक: आजच्या टर्बो गाड्या चौथ्यात चढतात, काका. चौथ्यात उतरवली तर धरते कुठे?

चालक: मग एक खालचा टाकायचा. पायाला ब्रेक सारखा लागतोय असं वाटलं, की गिअर वरचा आहे हे समजायचं.

चालकाचे हे शेवटचे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या नियमापेक्षा उपयोगी आहे, कारण ते गाडीचा जोर, भार आणि उतार या तिन्हींचा हिशेब पायावरच सोपवते. गिअर मात्र उतार सुरू होण्याआधी टाकायचा. वेग वाढल्यावर क्लच दाबून खालचा गिअर शोधायला गेले, तर तो पटकन लागत नाही आणि तेवढा वेळ गाडी पूर्ण मोकळी धावते.

झिजेचा मुद्दा दोन्ही पक्ष मांडतात, पण तो दुय्यम आहे. पूर्ण दाबलेला क्लच प्लेट झिजवत नाही, रिलीज बेअरिंगवर मात्र ताण देतो. अर्धवट दाबलेला क्लच प्लेट जाळतो. चढावर गाडी ब्रेकऐवजी हाफ क्लचवर धरून ठेवणाऱ्यांची प्लेट लवकर जाते, हे कुठल्याही गॅरेजमधला मेस्त्री वास घेऊनच सांगेल. ब्रेकचे पॅड क्लच प्लेटपेक्षा स्वस्त आणि बदलायला सोपे असतात; त्यामुळे सपाट रस्त्यावर थोडा जास्त ब्रेक वापरणे तोट्याचे नाही.

गिअरच्या मोटारसायकलवरून मोटारीकडे आलेल्यांच्या हातापायांत ही सवय आधीच मुरलेली असते. ब्रेक मारताना डाव्या हाताने क्लच ओढायचा, ही तिथली सहज हालचाल. मोटारीत ती डाव्या पायात उतरते. अशा शिकणाऱ्याला वेगळे सांगावे लागते, एरवी तो ताशी ७० वरही ब्रेकसोबत क्लच दाबतो आणि सिग्नलपर्यंत गाडी वाहत येते.

प्रशिक्षक: म्हणजे वेग गिअरच्या आकड्याच्या जवळ असेल तर दोन्ही बरोबर, वर असेल तर आधी ब्रेक. आणि समोर माणूस आला तर दोन्ही, जीव खाऊन.

चालक: आणि उतारावर डावा पाय क्लचवर नाही. हे चौथं सांगायचं राहिलं तर पहिली तीन सांगून उपयोग नाही, मास्तर.

या चौथ्या गोष्टीचा सराव शहरातल्या सपाट मैदानावर होत नाही. आरटीओच्या चाचणीत चढावर गाडी मागे न घसरता उचलता येते का, हे पाहतात. लांब उतार ब्रेक न तापवता उतरता येतो का, हे पाहायला तिथे जागाच नसते. ते काम ड्रायव्हिंग स्कूलनेच करायला हवे. परवाना हातात पडण्याआधी प्रत्येक शिकणाऱ्याला एकदा तरी खऱ्या उतारावर न्यावे, उताराच्या तोंडाशी तिसरा किंवा दुसरा गिअर टाकायला लावावा आणि खाली पोचेपर्यंत डावा पाय क्लचवरून काढून बाजूला जमिनीवर टेकवून ठेवायला सांगावे.